'आई' चालते, मग 'बाबा' का चालत नाहीत?

घनसावंगीच्या आमच्या महाविद्यालयात एकदा आसपासच्या शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. जांब समर्थ, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव अशा गावांहून मुले येणार होती. त्यांच्या नावांची यादी करायचे काम माझ्याकडे आले. मी पदार्थविज्ञान शिकवतो; पण प्रयोगशाळेतील मोजमापांची आकडेमोड आम्ही संगणकावरच करतो. तेव्हा यादीही संगणकावर करू असे ठरले.

बी.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींनी पायथॉन या संगणकभाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. नाव टाईप करताना चुकून एखादा आकडा किंवा स्वल्पविराम आत घुसू नये, म्हणून त्यांनी दारावर एक पहारेकरी बसवला. नावात केवळ अक्षरे असतील तर ते घ्यायचे, नाहीतर 'नाव चुकले' असे पडद्यावर दाखवायचे. त्यासाठी पायथॉनमध्ये 'इज-अल्फा' नावाची तयार आज्ञा असते. 'यात सगळी अक्षरेच आहेत का?' असे ती तपासते आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगते.

इंग्रजीत लिहिलेली नावे बिनबोभाट आत गेली. मग आम्ही मराठी नावे घालू लागलो. 'राम' लिहिले. पडद्यावर उत्तर आले, नाव चुकले! 'मीना' लिहिले. नाव चुकले. 'संतोष' लिहिले. पुन्हा तेच. पुढचे नाव होते 'कमल'. ते मात्र मुकाट्याने स्वीकारले गेले!

प्रदर्शनाची जागा पाहायला आलेली एक सातवीतली मुलगी शेजारी उभी राहून हे पाहत होती. तिचेही नाव संगणकाने नाकारले होते. तिने विचारले, "सर, माझं नाव अक्षरांचं नाही का?"

प्रश्न साधा होता, पण त्याला त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते शोधायचे ठरवले.

पुरावा गोळा करू

पदार्थविज्ञानात आपण काय करतो? आधी एखादा तर्क करतो, मग प्रयोगाने तो तपासतो, आणि तर्क खोटा ठरला की दुसरा करतो. इथेही तेच केले.

पहिला तर्क असा की, संगणकाला मराठी येतच नाही. पण मग 'कमल' आणि 'मदन' कसे चालले? तर्क बाद.

दुसरा तर्क, नाव लांब असले की चालत नसेल. पण 'राम' हे तर दोनच अक्षरांचे नाव. ते नाकारले आणि तीन अक्षरांचा 'मदन' घेतला. हाही तर्क बाद.

तिसरा तर्क त्या सातवीतल्या मुलीनेच मांडला. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांपैकी काहीही असले की नाव नाकारले जाते. आम्ही 'र' लिहिला, चालला. 'रा' लिहिले, चालले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तेवढ्यात एकाने 'आई' हा शब्द लिहिला आणि तो चक्क चालला! 'आ' ला तर काना दिसतो आहे. लगेच 'बाबा' लिहिले; ते चालले नाही. मग 'ऊस' लिहिला, तो चालला. 'कापूस' नाही चालला.

आता मोठी गंमत झाली. आई चालते, बाबा चालत नाहीत; ऊस चालतो, कापूस चालत नाही. जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांची नावे घालून पाहिली: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी. आठांपैकी एकही चालले नाही.

बाहेरून नुसते प्रश्न विचारून आम्ही येथवर आलो. पुढचे उत्तर हवे तर भाषेच्या पोटातच शिरायला हवे होते.

भाषेच्या पोटात

पायथॉन ही भाषा नेदरलँड्समधील खिडो फान रॉसम या संगणकतज्ञाने घडवली. त्याने अॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत १९८९ च्या नाताळात काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये भाषेची पहिली आवृत्ती जगापुढे ठेवली. पायथॉन म्हणजे अजगर खरा, पण हे नाव सापावरून घेतलेले नाही. ते इंग्लंडमधील दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी मालिकेवरून घेतले आहे.

आपण पायथॉनमध्ये एखादी ओळ लिहितो तेव्हा ती वाचून तिचा अर्थ लावणारी दुसरी एक मोठी आज्ञावली संगणकात आधीपासून असावी लागते. तीसुद्धा माणसांनीच लिहिलेली असते. तिच्या लिखित रूपाला 'सोर्स कोड' म्हणतात. पायथॉनचा सोर्स कोड खुला आहे. तो कोणालाही फुकट वाचता येतो, उतरवून घेता येतो, त्यात बदलही सुचवता येतात.

त्यात वेगवेगळे कप्पे आहेत. 'पार्सर' हा कप्पा आपण लिहिलेल्या ओळीची फोड करतो. आपण व्याकरणाच्या तासाला वाक्यातील कर्ता, कर्म, क्रियापद वेगळे करतो ना, तसेच. पुढे त्या ओळीचे लहान लहान सूचनांमध्ये रूपांतर होते. त्या सूचनांना 'बाइटकोड' म्हणतात. मग एक मोठे चक्र फिरू लागते. ते एकेक सूचना उचलते, पार पाडते आणि पुढची उचलते. 'ऑब्जेक्ट्स' या कप्प्यात संख्या, शब्द, याद्या यांच्यासाठी एकेक स्वतंत्र फाईल आहे. हा गाभा 'सी' या जुन्या भाषेत लिहिलेला आहे.

शेवटचा महत्त्वाचा कप्पा 'लिब', म्हणजे लायब्ररी. सुतार कामाला जाताना करवत, रंधा, पटाशी पेटीत घेऊनच जातो. प्रत्येक घरी नवा रंधा घडवत बसत नाही. तशी नेहमी लागणारी तयार हत्यारे पायथॉनबरोबरच मिळतात. या पेटीला 'स्टँडर्ड लायब्ररी' म्हणतात. तिच्यातील पुष्कळशी हत्यारे खुद्द पायथॉनमध्येच लिहिलेली आहेत. ज्या संगणकावर पायथॉन आहे, त्यावर या फाईली असतात आणि साध्या नोटपॅडमध्येही त्या उघडता येतात.

नमुना म्हणून 'कॅलेंडर' ही फाईल पाहा. तिच्यात 'इज-लीप' नावाची आज्ञा आहे. दिलेले वर्ष लीप वर्ष आहे की नाही, हे ती सांगते. तिच्या पोटात खरे काम करणारी ओळ एकच आहे. मराठीत तिचा अर्थ असा: वर्षाला ४ ने निःशेष भाग जायला हवा, आणि त्याशिवाय १०० ने भाग जायला नको किंवा ४०० ने जायला हवा. २०२४ ला ४ ने भाग जातो, १०० ने जात नाही. म्हणून ते लीप वर्ष. १९०० ला १०० ने भाग जातो, पण ४०० ने जात नाही. म्हणून ते लीप वर्ष नव्हते. २००० मात्र होते. हा नियम तुम्ही शाळेतही शिकला असाल. संगणकाच्या आत जादू नाही, आपल्याला कळणारा नियमच लिहिलेला आहे, हे या एका ओळीतून दिसते.

मग आमच्या पहारेकऱ्याच्या पोटातही असाच एखादा नियम असणार!

संगणकाच्या डोळ्यांनी घनसावंगी

नियम शोधण्याआधी संगणक अक्षर कसे पाहतो ते समजून घेऊ. 'घनसावंगी' या शब्दात अक्षरे किती? घ, न, सा, वं, गी, म्हणजे पाच. पायथॉनमध्ये लांबी मोजणारी 'लेन' ही आज्ञा आहे. तिला विचारले तर ती म्हणते, आठ!

याचे कारण असे. संगणकाला फक्त संख्या कळतात. म्हणून जगातील लिप्यांमधील प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक देण्यात आला आहे. या व्यवस्थेला 'युनिकोड' म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरीसाठी तिच्यात २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. या व्यवस्थेत 'सा' हे एक चिन्ह नाही. 'स' चा क्रमांक २३६० आणि कान्याचा क्रमांक २३६६, अशी ती दोन चिन्हे आहेत. 'वं' म्हणजे 'व' चा २३५७ आणि अनुस्वाराचा २३०६. 'गी' म्हणजे २३२७ आणि वेलांटीचा २३६८. घ आणि न हे एकेकच. मोजून पाहा, बेरीज आठच येते.

आता 'आई' चे कोडे सुटले. 'आ' म्हणजे अ आणि काना नव्हे. स्वर म्हणून त्याला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे, २३१०. 'ई' ला २३१२. तेव्हा 'आई' मध्ये दोनच चिन्हे, आणि दोन्ही पूर्ण अक्षरे. 'बाबा' मध्ये मात्र दोन अक्षरे आणि दोन सुटे काने.

नियमाची ती ओळ

युनिकोडमध्ये क्रमांकाबरोबर प्रत्येक चिन्हाचा गटही ठरवलेला असतो. अक्षरांचे गट पाच: मोठ्या लिपीतील अक्षरे, लहान लिपीतील अक्षरे, दोहोंचा संयोग असलेली अक्षरे, अक्षरांसारखी वापरली जाणारी चिन्हे आणि 'इतर अक्षरे'. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. म्हणून आपले सगळे स्वर आणि व्यंजने 'इतर अक्षरे' या पाचव्या गटात आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार हे या पाचांत नाहीत. ते 'जोडचिन्हे' या निराळ्या गटांत मोडतात.

पायथॉनच्या सोर्स कोडमध्ये युनिकोडचे कोष्टक तयार करणारी एक छोटी आज्ञावली आहे. 'इज-अल्फा' चा नियम तिच्यात एका ओळीत सापडतो: चिन्हाचा गट वरील पाचांपैकी एक असेल तर त्याला 'अक्षर' असा शिक्का मारा. बस्स, एवढेच. एका जरी चिन्हावर शिक्का नसेल तरी सगळा शब्द नापास.

इंग्रजी, रशियन, ग्रीक लिहिणाऱ्याला हा नियम सहसा अडत नाही, कारण त्यांचे स्वर पूर्ण अक्षरे म्हणून ओळीत बसतात. आपला स्वर व्यंजनाच्या अंगाला चिकटतो. त्यामुळे ज्याच्या नावात काना-मात्रा नाही तो कमल किंवा मदन तेवढा पार होतो, आणि बाकीचे दारातच अडतात.

ही लबाडी नव्हे, की लपवलेली चूकही नव्हे. 'आम्ही अक्षर म्हणजे हे पाच गट धरतो' असे पायथॉनच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. चूक आमची होती. आज्ञेचे नाव वाचून आम्ही तिचा अर्थ गृहीत धरला, तिची व्याख्या वाचली नाही.

पण या नियमाचे परिणाम दूरवर जातात. मजकुरातून शब्द शोधून काढणारे 'रे' नावाचे एक हत्यार पायथॉनच्या पेटीत आहे. तेही शब्दातील चिन्हे याच शिक्क्यावरून ओळखते. त्याला 'घनसावंगी' मधील शब्द वेचायला सांगितले तर ते 'घनस', 'व' आणि 'ग' असे तीन तुकडे हाती देते! एखाद्या मराठी पुस्तकातील शब्द कोणी असे मोजले, तर ती मोजणी साफ चुकणार.

आणखी नवल म्हणजे, याच भाषेत दुसऱ्या एका दाराने आपल्याला आदराने आत घेतले आहे. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी मुख्य आवृत्ती आली. तेव्हापासून आज्ञावलीतील चलांना मराठी नावे देता येतात. बीजगणितात आपण 'क्ष' धरतो, तसे इथे 'वेग', 'अंतर', 'काळ' असे चल घेता येतात. 'घनसावंगी' हेही चलाचे नाव म्हणून चालते, कारण तेथे वेगळे कोष्टक वापरले आहे आणि त्यात जोडचिन्हांना प्रवेश आहे.

अंकांची गोष्टही अशीच. '१२३' असा देवनागरी मजकूर देऊन त्याची संख्या कर म्हटले, तर पायथॉन ती बिनचूक करतो. आतमध्ये आधी प्रत्येक देवनागरी अंकाच्या जागी त्याच किमतीचा इंग्रजी अंक ठेवला जातो आणि मग नेहमीचे काम सुरू होते. आज्ञावलीच्या ओळीत मात्र थेट देवनागरी अंकांत बेरीज मांडली, तर ती चूक म्हणून परत येते. कोणत्या दाराशी आपल्या लिपीचा विचार कोणी केला आणि कोठे करायचा राहिला, हे असे आत शिरल्यावरच कळते.

'ळ' कोठे बसतो?

यादी तयार झाल्यावर ती वर्णानुक्रमे लावायची होती. तेथे दुसरे आश्चर्य वाट पाहत होते. चार साधे शब्द घ्या: तलाव, तवा, तहान, तळे. वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या नंतर येतो, म्हणून आपण ते याच क्रमाने लावू. पायथॉन मात्र लावतो तलाव, तळे, तवा, तहान.

यात क्रम लावण्याच्या रीतीचा दोष नाही. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेली ती रीत 'टिमसॉर्ट' नावाने प्रसिद्ध आहे. मास्तर आधीच क्रमाने असलेले उत्तरपत्रिकांचे छोटे गठ्ठे तसेच ठेवतात आणि मग दोन-दोन गठ्ठे एकमेकांत मिसळतात. टिमसॉर्टचे काम साधारण तसेच चालते. पण दोन शब्दांत आधी कोणता, हे ती रीत स्वतः ठरवत नाही. ते चिन्हांच्या क्रमांकांवरून ठरते. 'ल' २३५४, 'ळ' २३५५, 'व' २३५७ आणि 'ह' २३६१. 'ळ' ला 'ल' च्या शेजारचे घर मिळाले आहे!

हे घर दिले कोणी? युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली ती 'इस्की' या भारतीय संकेतावलीवरून. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुढे पुण्यात वाढले. परम महासंगणक घडवणारी 'सी-डॅक' ही संस्था पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झाली. तिच्यात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांचे हे काम पुढे नेले. १९९१ मध्ये इस्कीला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. तिच्यामागची कल्पना मोठी सुंदर होती. सर्व भारतीय लिप्यांत एकाच उच्चाराच्या अक्षराला एकच जागा द्यायची, म्हणजे मराठी मजकूर तेलुगू किंवा गुजराती लिपीत सहज उतरवता येईल. युनिकोडमध्येही त्याची खूण उरली आहे. मराठी 'क' आणि तेलुगू 'క' यांच्या क्रमांकांत नेमका ७६८ चा फरक आहे. 'ग', 'म', 'र' घेतले तरीही तेवढाच. साऱ्या लिप्यांना एकाच साच्यात बसवताना मराठी वर्णमालेचा शेवटचा 'ळ' तेवढा आपल्या जागेवरून हलला.

पहारेकरी शहाणा झाला

उपाय पायथॉनच्याच पेटीत सापडला. 'युनिकोड-डेटा' नावाचे हत्यार कोणत्याही चिन्हाचा गट सांगते. विद्यार्थिनींनी नवा नियम लिहिला. नावाचे पहिले चिन्ह अक्षर हवे. पुढचे प्रत्येक चिन्ह अक्षर किंवा जोडचिन्ह असले तरी चालेल. आकडा आणि स्वल्पविराम या दोन्ही गटांत नाहीत, म्हणून ते पूर्वीप्रमाणेच अडतात. क्रमासाठी त्यांनी आपली वर्णमाला स्वतः लिहून दिली, 'ळ' सह, आणि तिच्यातील स्थानाप्रमाणे शब्द लावायला सांगितले. एक खोडी उरली. काही कळफलकांवर 'दऱ्या' मधील अर्धा र लिहिताना एक न दिसणारे जोडक चिन्ह मध्ये येते. त्याचा गट आणखी निराळा आहे. त्याच्यासाठी नियमात एक जादा ओळ घालावी लागली.

संध्याकाळी ती सातवीतली मुलगी पुन्हा आली. तिने स्वतःच्या हाताने आपले नाव टाईप केले आणि ते यादीत गेले. मग तिने मुद्दाम नावापुढे एक आकडा जोडून पाहिला. पहारेकऱ्याने तो अडवला, तेव्हा कोठे तिची खात्री पटली.

करून पाहा

१. आपले नाव, गावाचे नाव आणि पाच मित्रमैत्रिणींची नावे घ्या. प्रत्येकातील चिन्हे युनिकोडच्या रीतीने कागदावर मोजा. जोडाक्षरातील पाय मोडल्याचे चिन्हही वेगळे मोजायचे, हे विसरू नका. मग 'लेन' ला विचारून ताळा पाहा.

२. 'इज-अल्फा' च्या दाराने आत जातील असे दहा मराठी शब्द शोधा. 'ऊस', 'घर', 'बदक' आम्ही दिले. तुमच्या घरात, शेतात असे आणखी किती सापडतात?

३. 'कॅलेंडर' ही फाईल उघडून 'इज-लीप' ची ओळ शोधा आणि २१०० साली फेब्रुवारीचे दिवस किती असतील ते आधी तोंडी सांगा.

४. पायथॉनने 'क्षमा' हा शब्द 'खडू' च्या आधी लावला की नंतर? का? ('क्ष' म्हणजे क, पाय मोडल्याचे चिन्ह आणि ष, एवढी सूचना पुरे.)